बिननावाचं बाळ आणि आत्याचा नायटा

शेणवा, २० ऑगस्ट १९९८

आक्का, घरातल्या सगळ्यांसकट तुमाला जय भीम.

पत्र संघरत्ना वाचणार हे ठरलेलंच. तुमाला अक्षरं येत नाय आणि तुमच्या धम्मपालला धीर नाय. राहिली सून. तर संघरत्ना, पोरी, सगळं मोठ्याने वाच. जिथे मी 'मनात' असं लिहीन तेवढं मनात वाच, आणि तोंड सरळ ठेव, नायतर तुझी सासू विचारेल काय लपवतेस गो.

आक्का, रविवारी तुमी बारशातून उठून गेलात. पाळणा सजलेला, बौद्धाचार्य पंचशील देऊन बाजूला बसलेले, बायका पाळणा म्हणायला गळा साफ करतायत, आणि ज्या आत्याने पोराच्या कानात नाव सांगायचं ती पिशवी उचलून एसटीच्या थांब्यावर. घुगऱ्या सगळ्या गावाने खाल्ल्या. नाव मात्र तुमच्या पोटातच राहिलं, मुरबाडला गेलं.

तिकडे तुमी काय सांगत असाल त्याचा मला अंदाज आहे. म्हणून माझं पण ऐका. तुमच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नायटा होता. गोल, कडेला लाल, मध्ये खवले. भाताच्या आवणीच्या दिवसांत ओलं लुगडं अंगावर घेऊन दिवसभर चिखलात राहिलं की कुणालाही उठतो, त्यात लाज कसली. मी एवढंच बोलले, 'आक्का, बाळ हातात घेऊ नका.' आणि मोरीत तुमच्यासाठी वेगळ्या खिळ्यावर नवा टॉवेल ठेवला होता. चार बायकांत बोलले हे तुमाला लागलं असेल. कानात बोलायला हवं होतं, कबूल. पण तुमी पाळण्यात हात घातला होता, मला टाइम कुठे होता?

शेजारची बुधी बोलली, 'आत्या गेली तर गेली, मी करते कानात कुर्र.' मी तिला चहा पाजला आणि वाटेला लावली. यांना बहीण तुमी एकटीच. सासूबाई गेल्यावर यांना कडेवर घेऊन वाढवलंत. तुमी जिवंत असताना माझ्या पोराच्या कानात दुसरी कोण तोंड घालणार?

तेव्हा हात डॉक्टरला दाखवा, बरा करा आणि या. तोवर पोरगं बिननावाचं राहील. यांनी बरीच कुरकुर केली, पण माझं ठरलंय.

मनात: संघरत्ना, त्यांनी नाव काय ठरवलं होतं, तुला काय कळलंय का? सहज विचार, भाकऱ्या थापताना.

तुमची वहिनी,
पौर्णिमा


शेणवा, १४ सप्टेंबर १९९८

आक्का,

तुमचं उत्तर पोचलं. दोनच ओळी. संघरत्नाचं अक्षर सुंदर आहे, पण शब्द तुमचेच, ते लांबून ओळखू येतात. 'ज्या शिवाशिवीला कंटाळून आमच्या आबांनी धर्म बदलला, ती माझ्याच भावाच्या मोरीत खिळ्याला टांगलेली बघितली. आता येणं नाय.'

मी ते वाचलं आणि चुलीपुढे बसून रडले. मग राग आला. आधी रडू, मग राग, मग जेवण, असं माझं असतं. आता जेवून लिहिते आहे.

तुमच्या लहानपणी हाटेलाबाहेर वळचणीला आपल्या लोकांचा कप ठेवलेला असायचा, तो आबा स्वतः विसळून परत ठेवायचे, हे तुमी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलंत. म्हणून वेगळा टॉवेल बघून तुमाला काय आठवलं असेल ते मला समजतं. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील.

पण आता माझं ऐका. तो कप वळचणीला ठेवणारे तुमाला कधी बोलले का, की अमका महिना झाला की तुमचा कप घरात येईल? नाय बोलले. त्याला शेवटच नव्हता. मी तर म्हणते, नायटा गेला की बाळ तुमच्या मांडीवर, वाटलं तर वर्षभर उतरवू नका. ती माणसाची शिवाशिव होती. ही नायट्याची आहे. मोरीत माझा टॉवेल वेगळा आहे, यांचा वेगळा, बाळाची फडकी वेगळी. तुमी तुमचाच खिळा बघितला, बाकीचे बघितले नाय.

बरं, पोराचं सांगते. गुटगुटीत आहे. नाव नाय म्हणून जो तो तोंडाला येईल ते म्हणतो. हे 'सायेब' म्हणतात, बुधी 'ठोंब्या' म्हणते. लस द्यायला नर्सबाई आल्या, त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, नाव मुरबाडला आहे. त्या बोलल्या, मग पोरगं कुणाचं?

मनात: संघरत्ना, त्या हाताला काय लावतात ते खरं कळव.

पौर्णिमा


शेणवा, ११ ऑक्टोबर १९९८

आक्का,

हे पत्र जरा तिखट आहे. पाणी पिऊन घ्या.

कुठून कळलं ते विचारू नका, पण तुमी तुमच्या शेजारच्या भिमीने दिलेली ट्यूब लावताय असं कळलंय. मेडिकलवाल्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिलेली. लावली की खाज बंद, दोन दिवसांत लाली गायब, मग तुमी हात फिरवून सगळ्यांना दाखवता. ट्यूब थांबवली की पुन्हा उठतो, आधीपेक्षा मोठा, आता एका गोलात दुसरा गोल. आणि भिमी तीच ट्यूब तोंडाला लावते, गोरी व्हायला. आक्का, अशा ट्यूबीत खाज मारायचं जोराचं औषध असतं. खाज मरते, नायटा आत जगतो, उलट मस्तावतो. जास्त दिवस लावली तर कातडी पातळ होते. हे माझ्या डोक्यातलं नाय, आमच्या शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेऊन सांगितलंय.

मला का घेतलं फैलावर, ते पण सांगून टाकते. संघरत्ना, हे मोठ्याने वाच, धम्मपाल घरात असेल तर त्याला बाहेर पाठव.

मी पोटुशी होते तेव्हा मला कमरेला नायटा झाला होता. जिथे परकराची नाडी करकचून बसते तिथे, पाठीपासून पोटापर्यंत. कुणाला दाखवायची लाज. रात्री खाजवून खाजवून नखं लाल. शेवटी हेच मला शहापूरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, दिवस गेलेत का? म्हटलं हो. मग त्याप्रमाणे मलम लिहून दिलं. ते आधी सांगायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. चांगला गुण आला. खाज गेली, डाग फिके पडले, आणि मी ट्यूब ठेवून दिली फळीवर. गरज सरो वैद्य मरो. महिन्याने नायटा परत, सगळं गणगोत घेऊन. बाई बोलल्या, 'पौर्णिमा, दिसायचं बंद झालं म्हणजे गेलं असं नाही. भाताच्या खाचरात वरवरचं तण खुडलंस तर काय होतं?' मग सांगितलं तसं पुरं लावलं. नाडी सैल बांधली, अंग कोरडं पुसून लावलं, कडेच्या बाहेर बोटभर लावलं, लावून हात धुतले, कपडे कडक उन्हात वाळवले. पोरगं व्हायच्या आत साफ झाले.

म्हणून मला नायट्याची एवढी भीती, आक्का. तो माझ्या अंगावर राहून गेलाय. पोराचं अंग अजून लोण्यासारखं आहे.

तुमाला माझा राग आहे ना, तो ठेवा. पण राग माझा आणि शिक्षा हाताला, हे कुठलं शहाणपण? मुरबाडला चांगला डॉक्टर असेलच. भिमीची ट्यूब बरोबर न्या आणि त्याला दाखवा, काय लावत होतो ते त्याला कळलं पाहिजे.

पोरगं आता हसायला लागलंय. तुमच्यासारखं हसतं, एका गालाने.

पौर्णिमा


शेणवा, २२ नोव्हेंबर १९९८

आक्का,

काल तुमचा भाऊ तुमच्याकडून आला तो हसत हसतच घरात शिरला. बोलायला लागला की पुन्हा हसायचा. चपला काढायच्या आधी मी सगळं काढून घेतलं.

पण आधी संघरत्नाचं. पोरी, तुझ्या मानेवर नायटा उठला आणि एवढ्या पत्रांत एका शब्दाने बोलली नाहीस. सासूचा टॉवेल तुझा टॉवेल एक, तर दुसरं काय होणार? आक्का, यांनी मला सांगितलं, तुमी तिच्या मानेवर तो गोल बघितला आणि हातातला भाताचा विळा खाली ठेवलात. दुसऱ्या दिवशी कापणी तशीच ठेवून तिला घेऊन मुरबाडला डॉक्टरकडे, आणि तिथे स्वतःचा हात पण पुढे केलात. माझ्या तीन पत्रांनी जे झालं नाय ते सुनेच्या मानेने केलं. मला जरा राग आला, पण जास्त बरंच वाटलं. स्वतःच्या हाताकडे बघायला तुमाला सवड नव्हती, सुनेच्या मानेसाठी लगेच मिळाली. तुमी तशाच आहात.

आता ती हसायची गोष्ट. डॉक्टरांनी दोघींना दोन ट्यूबी दिल्या आणि सांगितलं, मलम पातळ लावा. संघरत्ना पातळ थर लावत राहिली, तिची मान सुधारली. आणि आमच्या आक्कांनी काय केलं? वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात मलम पिळलं, बोटाने घोळून आमटीसारखं पातळ केलं आणि हाताला चोपडलं. तेल ओघळून लुगड्यावर, चटईवर, म्हशीच्या दाव्यावर. म्हशीला पण थोडं औषध झालं. हात काय सुधारेना. मग तुमी धम्मपालला बोललात, 'डॉक्टरने सुनेला चांगली ट्यूब दिली आणि मला खोटी.'

हे आले तेव्हा तुमी वाटी घेऊन बसला होता म्हणे. यांनी विचारलं, आक्का, हे काय? तर तुमी यांच्यावरच डाफरलात, 'डॉक्टर पातळ लावा बोललाय, मी काय मनाचं करते?' पुन्हा तुमाला घेऊन हे डॉक्टरकडे गेले, तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले आणि बोलले, 'आजी, थर पातळ लावायचा. औषध पातळ करायचं नाय.' आक्का, खरं सांगते, आमच्या घरात काल रात्रीपासून हेच चाललंय. मी तर यांना बोलले, नशीब समजा, नायतर आक्कांनी पातळ म्हणजे नेसायचं पातळ समजून सगळी ट्यूब लुगड्याला चोळली असती.

रागावू नका. हसू येतं म्हणून हसते. तुमी औषध लावायला लागलात या आनंदाने मी कालपासून वेड्यासारखी करते आहे.

आता सुधारेल बघा. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. लावल्यावर फार जळजळलं किंवा फोड आले तर मात्र थांबा आणि डॉक्टरला दाखवा, सोसत बसू नका. तुमची सोसायची सवय मला माहीत आहे. आणि हात चांगला झाला की कळवा. मी पाळणा काढून पुसून ठेवते.

मनात: संघरत्ना, त्या माझ्याबद्दल काय बोलल्या का? वाईट असलं तरी कळव.

पौर्णिमा


म्हसा, ता. मुरबाड, १३ डिसेंबर १९९८

पौर्णिमास गीताबाईचा जय भीम.

संघरत्ना लिहिते आहे, मी सांगते आहे. मी तिला बोलले, मी सांगेन तेच लिही, तुझं शहाणपण घालू नको.

तुझं पत्र आलं. रविवारी पाळणा बांधते, गाडी करून या, असं लिहिलंस. माझा हात चांगला दिसतो. संघरत्ना बोलते, डाग पण दिसत नाय. धम्मपाल बोलतो, आई, जा की आता, किती मान घेशील. भिमी बोलते, मी तर कधीच ट्यूब सोडली असती. भिमीचं तोंड बघ आता, लाल झालंय आणि चुणचुणतंय, मीच तिला डॉक्टरकडे हाकलली.

मी रविवारी येत नाय.

राग नाय गो. राग होता, तो उतरला. वळचणीच्या कपाला शेवट नव्हता हे तू लिहिलंस, ते मी संघरत्नाकडून तीनदा वाचून घेतलं. तिला बोलले, अक्षर नीट लागत नाय. अक्षर चांगलं होतं. मला ऐकायचं होतं.

डॉक्टर बोललाय, दिसायचा बंद झाला तरी आणखी थोडे दिवस मलम लावायचं, मी सांगेन तेव्हा थांबायचं. अजून त्याने सांगितलं नाय. मी रोज न्हाऊन, पुसून, लावते आहे. पातळ. तुझी चेष्टा मला समजली.

आता तूच सांग, पोरगं माझ्या भावाचं. माझ्या आबांचा नातू. त्याला मी नाव द्यायला येणार, की नायटा द्यायला? त्याला नाव लागू दे माझ्याकडून. बाकी काय लागायला नको. डॉक्टर थांब बोलला की त्या दिवशी निघते. तुला घाई आहे तर बुधीला बोलव.

बुधीला बोलवू नको.

गीताबाई


शेणवा, २० जानेवारी १९९९

आक्का,

तुमी काल गेलात, आणि आज मी हे लिहायला बसले. यांनी विचारलं, आता कशाला पत्र, आता तर सगळं मिटलं. मी बोलले, मिटल्यावरच पत्र लिहायला मजा येते.

डिसेंबरातलं तुमचं पत्र मी तुमाला सांगितलंच नाय कसं वाचलं ते. 'मी रविवारी येत नाय' ही ओळ दिसली तेव्हा मी कागद पालथा घातला. मग पुढचं वाचलं. हे गिरणीवरून दळण घेऊन आले तर मी ओट्यावर बसून रडत होते. यांना वाटलं काय विपरीत झालं. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, मग उगाच बैल बघायला गोठ्यात गेले. आमच्या गोठ्यात बैल नाय, आक्का, गेल्या वर्षीच विकले. माझ्या आयुष्यात कुणी येत नाय म्हणून मी एवढी खूष कधी झाले नव्हते.

मग तुमच्या गावची जत्रा आली, तुमच्याकडे पाहुणे, गुरंढोरं, गर्दी. मला वाटलं आता विसरतात. आणि रविवारी सकाळी तुमी दारात, मागे संघरत्ना. अगोदर कळवायचं नाय, ही कुठली रीत? मी पोराला तेल लावत होते, केस मोकळे, घरात पसारा. तुमी उंबऱ्यातच थांबलात. पदर खोचून हात पुढे केलात, उन्हात धरलात, आणि मला बोललात, 'बघ. नीट बघ. कोपराच्या मागे पण बघ.' मी बघत होते, पण मला काय दिसतंय, डोळ्यांत पाणी. मी उगाच मान डोलावली. तुमी बोललात, 'बघितलं नाहीस. परत बघ.' मग मी खरंच बघितलं, बोटांपासून खांद्यापर्यंत. साफ.

तुमी पोराला घेतलंत तेव्हा ते रडेल असं वाटलं होतं. ते तुमच्या नाकाकडे टक लावून बसलं. मग तुमी त्याच्या कानात कुर्र केलंत, नाव सांगितलंत, आणि बुधी, मी, संघरत्ना, सगळ्यांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले. माझा जरा जोरात बसला. मुद्दाम होता.

संदेश. नाव चांगलं आहे. 'एवढी पत्रं याच्यापायी आली नि गेली, मग संदेश नाय तर काय ठेवू,' असं तुमी सगळ्यांना सांगत होता, घुगऱ्या वाटताना, पोरगं कडेवर घेऊन. दोन दिवस तुमी त्याला खाली ठेवलं नाय. त्याने तुमचं नवं पातळ दोनदा भिजवलं. मी घ्यायला आले तर मलाच बोललात, 'राहू दे गो, माझा हात बरा आहे आता.'

पण एक मला झोपू देत नाय, आक्का. संदेश हे नाव पत्रांवरून सुचलं. मग ऑगस्टात बारशाला आलात तेव्हा पत्रं कुठे होती? तेव्हा वेगळं नाव आणलं असणार. मी काल एसटीपाशी विचारलं, ते कुठलं होतं? तुमी पायरीवर उभ्या राहून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोललात, 'ते पुढच्याला ठेवलंय.'

गाडीतल्या बायका हसल्या. हे दुसरीकडे बघायला लागले. मी लाजेने मेले, आणि गाडी सुटली म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. म्हणून हे पत्र.

पुढचं नाय. आमचं दुकान बंद. यांना पण सांगून ठेवलंय.

पण नाव कुणाला देऊन टाकू नका.

तुमची,
पौर्णिमा